‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे काय?

“डॉक्टर, दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आता पाठीत सुई कशाला?” काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या यजमानांनी मला विचारले. प्रश्न रास्त होता. बाईंना भाकऱ्या थापताना एकाएकी डोक्यात घणाचा घाव बसावा तशी वेदना झाली. उलटी झाली, मान आखडली. पित्त समजून त्यांनी दुखणे अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅन आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय झाला. दोन्हींत दोष नव्हता. खरे सांगतो, क्षणभर मीही सैलावलो होतो.

मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की सायकलच्या ट्यूबसारखा तेथे फुगा येतो. यालाच अॅन्युरिझम म्हणतात. शंभरातील सुमारे तीन प्रौढांना तो असतो. बहुतेकांचा कधीच फुटत नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्त पसरते व जिवावर बेतते.

हे रक्त पहिल्या सहा तासांत चांगल्या सीटी स्कॅनमध्ये जवळजवळ हमखास दिसते. पुढे ते विरत जाते. तिसऱ्या दिवशीच्या नॉर्मल स्कॅनवर म्हणूनच विसंबता येत नाही. एमआरआयमध्ये तीन मिलिमीटरहून लहान, म्हणजे मोहरीएवढा फुगा निसटू शकतो. शिरेतून औषध देऊन केलेली सीटी अँजिओग्राफी बरीच चांगली. पण कवटीच्या तळाशी हाडाला खेटून असलेला फुगा तिलाही चकवतो. उलटही घडते. धमनीच्या फाट्याशी असलेला निरुपद्रवी फुगवटा अॅन्युरिझमसारखा दिसतो आणि घरच्यांची झोप उडते.

बाईंच्या पाठीतून काढलेल्या पाण्याला पिवळसर झाक होती. रक्तस्राव झाल्याची ती खूण. त्यांना मोठ्या शहरात पाठवले. तेथे जांघेतील धमनीतून नळी वर नेऊन, औषध सोडून चित्रे घेतली. मेंदूच्या धमन्यांची अशी चित्रे घेण्याची सुरुवात 1927 मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी केली. अडीच मिलिमीटरचा फुगा सापडला. शस्त्रक्रियेत त्यावर चिमटा बसवला.

मग सर्वांचीच अशी तपासणी का करत नाहीत? नळीने क्वचित पक्षाघात होऊ शकतो. नेहमीच्या डोकेदुखीसाठी तो धोका कोण पत्करील?

मात्र डोके असे अचानक दुखल्यास तडक इस्पितळ गाठा आणि ते नेमके किती वाजता सुरू झाले, ते सांगा. बाईंच्या यजमानांना तो दिवस आठवत होता, वेळ नव्हती.