गँडाल्फच्या आधीची ४० वर्षं

मुलाने किंवा मुलीने घरात ‘मला अभिनयच करायचाय’ असं जाहीर केलं की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे मुंबईत ऑडिशनसाठी तासन् तास ताटकळणारी पोरं उभी राहतात. मुलांच्या डोळ्यांपुढे त्याच वेळी होर्डिंगवरचा चेहरा असतो. मग दोन्ही बाजू आपापल्या चित्राला धरून भांडतात. मधली जी वीस-पंचवीस वर्षं असतात, ज्यांत नट खरोखर जगतो, शिकतो, कमावतो किंवा कमवत नाही, त्यांबद्दल कुणीच बोलत नाही. मला त्या वर्षांबद्दलच बोलायचंय, आणि त्यासाठी सर इयन मॅकेलन यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं अवघड आहे.

तुमच्या मुलांना हा माणूस माहीत आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला पांढऱ्या दाढीचा जादूगार गँडाल्फ आणि ‘एक्स-मेन’मधला मॅग्नेटो म्हणजे हेच मॅकेलन. ‘एक्स-मेन’ २००० साली आला, ‘रिंग्ज’चा पहिला भाग २००१ साली. जगभरातली पोरं त्यांना ओळखू लागली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि व्यावसायिक नट म्हणून पहिला पगार घेऊन ४० वर्षं झाली होती. ही ४० वर्षं वाट पाहण्यात गेली असं कुणाला वाटत असेल तर पुढचं नीट वाचावं.

इयनचा जन्म २५ मे १९३९चा, उत्तर इंग्लंडमधल्या बर्न्लीचा. बालपण विगनला गेलं, पुढची शाळा बोल्टनला. कापडगिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. वडील सिव्हिल इंजिनिअर. नाटक बघायला जाणं ही मात्र या घरची रीत होती. तीन वर्षांचा असताना त्याला मँचेस्टरला ‘पीटर पॅन’ दाखवायला नेलं होतं. नवव्या वर्षी नाताळची भेट म्हणून त्याला खेळण्यातलं नाट्यगृह मिळालं. त्यात पुठ्ठ्याचं नेपथ्य होतं आणि तारेने पुढे सरकवायची कागदी पात्रं होती. थोरली बहीण जीन त्याला विगनच्या छोट्या हौशी नाट्यगृहात शेक्सपिअर बघायला घेऊन जायची, आणि तीही शाळेच्या नाटकात काम करायची. इयन बारा वर्षांचा असताना आई गेली. नाटकाची सोबत मात्र सुटली नाही.

पालकांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. या घराने मुलाला नट करायचं ठरवलं नव्हतं. ना क्लास लावला, ना कुणाकडे शब्द टाकला. घरातले त्याला नाटक बघायला नेत राहिले, एवढंच. आपल्याकडे उलट घडतं. मुलाला अभिनय-कार्यशाळेला घालायला आपण हजारो रुपये मोजतो, पण वर्षभरात घरातल्या सगळ्यांनी मिळून दोन नाटकंही पाहिलेली नसतात. जो मुलगा नाटक बघत नाही त्याला नट व्हायचं नसतं, प्रसिद्ध व्हायचं असतं. हा फरक ओळखायला समुपदेशकाची गरज नाही.

अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून मॅकेलन केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेले. नाट्यशिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेत ते कधीच गेले नाहीत. पण विद्यापीठातल्या तीन वर्षांत त्यांनी २३ नाटकांत कामं केली. तिथे त्यांच्याबरोबर डेरेक जॅकोबी होते, जे पुढे स्वतः मोठे नट झाले, आणि ट्रेव्हर नन होते, जे पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजले. याच नन यांनी १९७६मध्ये त्यांचा मॅक्बेथ बसवला आणि २००७मध्ये किंग लियर. विशीतल्या तालमीत जुळलेला सूर अडुसष्टाव्या वर्षापर्यंत उपयोगी पडला.

‘आधी पदवी घे, मग काय ते कर’ हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. मी त्याच्या विरोधात नाही. पण हे सांगताना कॉलेज कुठलं निवडताय ते बघा. ज्या कॉलेजात नाट्यमंडळ जिवंत आहे, एकांकिकेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, तिथली पदवी आणि फक्त हजेरीपुरत्या कॉलेजातली पदवी नटाच्या दृष्टीने सारख्या नाहीत. पुण्यात १९६३पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने मराठी रंगभूमीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले हे वेगळं सांगायला नको. तिथे मिळालेली माणसंच पुढची कामं देतात.

आता मधली वर्षं. १९६१मध्ये पदवी हातात पडल्यावर मॅकेलन लंडनला गेले नाहीत, कॉव्हेंट्रीला गेले. युद्धातल्या बाँबहल्ल्यात हे शहर बेचिराख झालं होतं. ते पुन्हा उभं करताना नगरपालिकेने १९५८मध्ये बेलग्रेड थिएटर बांधलं. बेलग्रेड शहराने त्यासाठी लाकूड भेट दिलं, म्हणून ते नाव. अशा गावोगावच्या नाट्यगृहांना ‘रेपर्टरी’ म्हणत. प्रत्येकाची स्वतःची कायम नटमंडळी असे. संध्याकाळी एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाची तालीम, काही आठवड्यांनी ते उतरवून नवं नाटक. पगार आठवड्याचा, बेताचा, पण ठरलेला. बावीस वर्षांच्या पोराने या महिन्यात म्हातारा करायचा, पुढच्या महिन्यात नोकर, त्यानंतर एखादा राजपुत्र. कुठलीही भूमिका जमेपर्यंत थांबायला वेळ नाही, आणि पडली तरी तीन आठवड्यांत दुसरी समोर.

कॉव्हेंट्रीनंतर मॅकेलन इप्सविचला गेले, मग नॉटिंगहॅमला. १९६३मध्ये नॉटिंगहॅम प्लेहाउसची नवी वास्तू टायरन गथ्री यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कोरिओलेनस’ने उघडली, त्यात ते ऑफिडियस झाले. १९६४मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला पहिलं नाटक केलं. पुढच्याच वर्षी लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये. माझ्या मते त्यांची खरी नाट्यशाळा म्हणजे या तीन गावांतली ती तीन-चार वर्षं. कोणत्याही कोर्सच्या माहितीपत्रकात न सापडणारं शिक्षण तिथे होतं. आज ज्या प्रेक्षकाने तिकीट काढलंय त्याला शेवटच्या रांगेतही आवाज पोचला पाहिजे, आणि तो पोचला की नाही हे रोज रात्री कळतं.

आणि इथे पालकांची काळजी मला खरी वाटते, कारण ही व्यवस्था आयती उभी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने कलांसाठी सरकारी पैसा द्यायचं ठरवलं, १९४६मध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन झालं, नगरपालिकांनी नाट्यगृहं बांधली. तरुण नटाच्या पोटाची सोय त्यात होती. आज खुद्द इंग्लंडमध्येही तशा कायम नटमंडळ्या जवळजवळ उरल्या नाहीत, आणि मॅकेलन याबद्दलची खंत जाहीरपणे बोलून दाखवतात. महाराष्ट्रात ती व्यवस्था त्या रूपात कधी नव्हतीच. म्हणून ‘त्याला जमलं, मलाही जमेल’ एवढ्या बळावर मुलांनी वाद घालू नये. शिकण्याची सोय आणि खाण्याची सोय या दोन्ही आपल्याकडे वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

सिनेमाने त्यांना लवकर उचललं नाही. १९६६मध्ये ग्रेगरी पेक यांच्याबरोबर एका युद्धपटाचं चित्रीकरण सुरू झालं, स्वित्झर्लंडमधल्या बर्फाने ते बंद पडलं, आणि तो सिनेमा कायमचा डब्यात गेला. नंतरही छोट्यामोठ्या भूमिका आल्या, त्यांतून ते तारा वगैरे काही झाले नाहीत. रंगभूमीवर मात्र १९६९च्या एडिंबरा महोत्सवात ‘रिचर्ड दुसरा’ आणि ‘एडवर्ड दुसरा’ या दोन राजांच्या भूमिकांनी त्यांचं नाव देशभर झालं. वय तीस.

अशा वेळी नट काय करतो? किंमत वाढवतो. मॅकेलन यांनी मात्र १९७२मध्ये एडवर्ड पेथरब्रिज यांच्याबरोबर ‘ॲक्टर्स कंपनी’ काढली. तिचे नियम असे की सगळ्यांना समान पगार, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे, आणि मोठ्या-छोट्या भूमिका आळीपाळीने वाटायच्या. देशातला नावाजलेला तरुण नट एका नाटकात नायक आणि दुसऱ्यात हॉटेलातला पोऱ्या झाला. नंतर रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यांनी जूडी डेंच यांच्याबरोबर जो मॅक्बेथ केला, ज्याची आजही आठवण काढली जाते, तो मोठ्या रंगमंचावर नव्हे तर स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’ नावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हाताच्या अंतरावर बसलेल्या प्रेक्षकांसमोर. १९७८मध्ये त्याच कंपनीची छोटी तुकडी घेऊन ते अशा गावांमध्ये हिंडले जिथे धड नाट्यगृहही नव्हतं. १९८१मध्ये न्यूयॉर्कला ‘अमेडिअस’मधल्या सालिएरीसाठी टोनी पुरस्कार मिळाला. बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे त्या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं होतं, फक्त रस्त्यावर कुणी ओळखत नव्हतं.

काही पालकांना मुलांच्या करिअरपेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती जास्त असते. त्यांच्यासाठी एक गोष्ट. जानेवारी १९८८मध्ये, समलिंगी व्यक्तींच्या विरोधातल्या एका प्रस्तावित कायद्यावर बीबीसी रेडिओवर चर्चा चालू असताना मॅकेलन यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. नटाने असं बोललं की कामं बंद होतात, हा त्या धंद्यातला पक्का समज होता. पुढच्या वर्षी ते ‘स्टोनवॉल’ या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले, १९९१मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, आणि ‘गॉड्स अँड मॉन्स्टर्स’ या १९९८च्या सिनेमासाठी ऑस्करचं पहिलं नामांकन. सिनेमातली त्यांची सगळी मोठी कामं त्या दिवसानंतरची आहेत. मुलं जशी आहेत तशी घरात वावरू शकली, तर त्यांची अर्धी शक्ती लपवण्यात जात नाही. हे मी अभिनयापुरतं म्हणत नाही.

गँडाल्फनंतरचं वागणंही बघण्याजोगं आहे. जगभर नाव झाल्यावर त्यांनी २००४च्या नाताळात लंडनच्या ओल्ड विक थिएटरात ‘अल्लादीन’च्या बालनाट्यात अल्लादीनची आई केली, झगाबिगा घालून. दुसऱ्या वर्षी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत दहा भागांपुरतं काम केलं. ‘हॉबिट’च्या चित्रीकरणात सहकलाकारांऐवजी हिरव्या पडद्यासमोर, त्यांच्या फोटोंशी बोलायची वेळ आली तेव्हा हा सत्तरी पार केलेला माणूस सेटवर रडला. कारण समोर माणूस नसताना करायचं काम ते आयुष्यात कधी शिकलेच नव्हते. ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षी, २०१९मध्ये, ते एकटे ८० नाट्यगृहांमध्ये फिरले, आणि मिळालेले पैसे त्या-त्या नाट्यगृहांना व रंगभूमीच्या कामांना दिले. त्यात सुरुवातीच्या दिवसांतली गावंही होती. जून २०२४मध्ये, ८५व्या वर्षी, शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ करताना मारामारीच्या प्रसंगात ते रंगमंचावरून खाली पडले आणि जखमी झाले.

त्यांनी दोनदा किंग लियर केला. हाच लियर वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’च्या मागे उभा आहे, आणि १९७०मध्ये त्यातला गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभा करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ रंगभूमी धरली. म्हणजे उशीर होतो ही भीतीही थोडी बाजूला ठेवता येते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. शिक्षण हवं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, तिथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण प्रवेशाला पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही लागतं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि एफटीआयआय, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. याखेरीज आठवड्यात टीव्हीवर झळकवण्याची हमी देणारे, ‘पोर्टफोलिओ’च्या आणि ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली पैसे मागणारे खूप भेटतील. काम देणारा माणूस नटाकडून पैसे घेत नाही, त्याला पैसे देतो. इतकं एक कळलं तरी पुष्कळ घरांचे पैसे वाचतील.

पैशाचा हिशोबही मुलांसमोर उघड मांडा. व्यावसायिक नाटकात नटाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, पावसाळ्यात प्रयोग रद्द झाले तर नाही. मालिकेत काम केलं तरी पैसे हातात यायला ९० दिवस जातात, कधी जास्तही. म्हणून ज्याला यात पडायचंय त्याने डबिंग, लेखन, भाषांतर, प्रकाशयोजना, शाळेत नाट्य शिकवणं, यांतलं एखादं तरी काम पक्कं शिकून घ्यावं. ही दुसरी वाट रंगभूमीपासून दूर नेणारी नसावी. आणि आईवडिलांनी ‘दोन वर्षं देतो, नाही जमलं तर परत ये’ असा दम देऊ नये. दोन वर्षांत मॅकेलनही इप्सविचपर्यंतच पोचले होते. त्याऐवजी दर महिन्याला घरून किती मदत मिळेल आणि कधीपर्यंत, हे आकड्यात ठरवा.

आणि मुलांची पुढची एकांकिका असेल तेव्हा बघायला जा. बक्षीस मिळालं का, हे विचारू नका. प्रयोगानंतर दिग्दर्शकाला गाठून इतकंच विचारा, की आमचा मुलगा तालमीला वेळेवर येतो का, आणि त्याचा प्रवेश नसतो तेव्हा तो बसून बघतो की निघून जातो.