मोठ्यानं केलेली प्रार्थना देखाव्याची असते का?

प्रश्न : आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात दर आठवड्याला प्रार्थनासभा भरते. कुणी रडत, मोठमोठ्यानं मागणं मागतं; कुणी ठरलेली प्रार्थना पाठ म्हणतं. यात मनापासूनची कोणती आणि देखाव्याची कोणती? त्यांनी मलाही बोलावलंय. जाऊ का?
— एक वाचिका, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : आवाजावरून तर मुळीच ठरवू नका. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलं होतं. त्या प्रकारावर तेव्हा टीकाही झाली. पण अशा मुलींनी देवापुढे मोकळं रडावं, यात मला खोटं काही दिसत नाही.

पाठांतरावरूनही ठरत नाही. पोकळ बडबड करू नका, असं येशूनं बजावलं खरं; पण अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः तेच मागणं तीनदा मागितलं, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

येशूचा राग होता तो लोकांनी पाहावं म्हणून केलेल्या प्रार्थनेवर. त्याच्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा पाढा देवापुढे वाचतो. लोक ज्याला पापी समजत तो जकातदार मान वर न करता दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदारच. याहून कठोर शब्द आहेत ते विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांसाठी. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर शेत नावावर लावून घेण्यासाठी बायकांना सासरी झगडावं लागतं, ते लातूर-नांदेडकडे आपण पाहतो. ते वचन वाचताना मला त्याच बायका आठवतात.

म्हणून माझ्या मते प्रार्थनेची परीक्षा सभेत होत नाही, बांधावर होते. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करा, असं येशू सांगतो. हातभर बांधासाठी सख्ख्या भावावर दावा लावलेल्या माणसाला ही अट फार जड आहे. ती पाळून जो प्रार्थनेला बसतो, त्याचा आवाज चढा की हळू, याला महत्त्व उरत नाही.

बोलावलंय, तर जरूर जा. तुकोबांवर जीव असलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मराठी ख्रिस्ती मंडळी आजही गातात. एखादं कानावर पडलं तर ती चाल तुम्हाला परकी वाटणार नाही. नुसतं ऐकत बसलात तरी चालतं. तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असं कुणी विचारलं आणि नको असेल, तर मोकळेपणानं नको म्हणा.