पार्टिशन टूल : डिस्कवर लिहायचे कधी?

प्रश्न : प्रोजेक्टसाठी लिनक्सवर डिस्क पार्टिशनिंगचे टूल लिहितो आहे. प्रत्येक बदल लगेच डिस्कवर लिहावा, की शेवटी एकदम?
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : शेवटी एकदम. एफडिस्कमध्ये 'डब्ल्यू' दाबेपर्यंत सगळे बदल मेमरीतच राहतात. 'क्यू' दाबून बाहेर पडलात, तर डिस्क जशीच्या तशी. पार्टेड मात्र आज्ञा मिळताच लिहून मोकळे होते. मला ते कधीच पटलेले नाही. मोजणीचा नकाशा सगळ्या भावांनी पाहिल्याशिवाय कोणी बांध घालतो का? लिहिण्याआधी जुनी आणि नवी रचना, डिस्कचे मॉडेल आणि क्षमता दाखवा. नुसत्या 'एसडीए', 'एसडीबी'ने घात होतो. माउंट असलेल्या पार्टिशनला हात लावू देऊ नका.

आता लिहिण्याचा क्रम. जीपीटी या पार्टिशन तक्त्याची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला, दुसरी शेवटी असते. आधी शेवटची लिहा, ती खरोखर डिस्कवर उतरू द्या, मगच पहिली. तुमच्याकडे पावसात वीज कधी जाईल, सांगता येते का? मध्येच गेली तरी एक प्रत शाबूत राहते, आणि कुठली ते चेकसमवरून कळते.

चाचणीला स्वतःची डिस्क वापरू नका. 'ट्रंकेट'ने रिकामी फाइल करा, 'लोसेटअप'ने जोडा आणि खुशाल मोडतोड करा.