दारू सोडताना जपा!

दारूने यकृत खराब होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. आधी यकृतात चरबी साठते, मग सूज येते, शेवटी ते आक्रसून कडक होते. पोटात पाणी होते, रक्ताच्या उलट्या होतात. तोंड, घसा, अन्ननलिका यांचा कर्करोगही दारूने होऊ शकतो. देशी काय नि विदेशी काय, आत अल्कोहोल तेच! म्हणून दारू सोडलीच पाहिजे. पण ती कशी सोडावी, हे फारसे कोणी सांगत नाही.

श्रावण लागला की अनेकजण शपथ घेतात, कुणी माळ घालतात. हेतू उत्तमच. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने, सकाळी उठल्याबरोबर घोट लागणाऱ्याने, एकाएकी दारू बंद केली तर काय होते?

दारू मेंदूला गुंगवते. त्या गुंगीवर मात करण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबली की गुंगी जाते, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. घाम, मळमळ, धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यालाच 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार न झाल्यास रोगी दगावू शकतो.

असे रोगी माझ्याकडे बहुधा उशिरा येतात. बाहेरचे काही लागले असे समजून आधी देवऋष्याकडे नेलेले असते. एका आईने मला विचारले, "डॉक्टर, पीत होता तोवर बरा होता, सोडली अन् वेडा झाला. देऊ का थोडी?" मी म्हणालो, "आजी, हे वेड नाही, आजार आहे. त्याला दवाखान्यात ठेवा." आठवड्याभरात मुलगा शुद्धीवर येऊन घरी गेला.

नुसते "सलाईन लावा" म्हणून भागत नाही. पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते. ग्लुकोज देण्याआधी त्याचे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मेंदू शांत करणारी औषधे ठरावीक मात्रेत देऊन क्रमाक्रमाने कमी करतात. ती मनाने घेऊ नयेत. दारूबरोबर घेतल्यास श्वास थांबू शकतो.

तेव्हा वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

१) रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.
२) पूर्वी आकडी किंवा भ्रम झाला असल्यास रुग्णालयात दाखल होऊनच सोडावी.
३) आकडी, भ्रम किंवा ताप दिसताच तातडीने सरकारी रुग्णालय गाठावे.
४) रोग्याला चोरून औषध पाजू नये.

शरीरातून दारू आठवड्यात निघते, मनातून निघायला वेळ लागतो. त्यासाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी आहे. घरच्यांनी टोमणे मारू नयेत, सोबत जावे. सोडायचा निश्चय केलेल्या माणसाला एकटे सोडू नका.