गोळी जवळ मिळाली तर माणूस टिकतो

काटेवाडीसारख्या गावात मेडिकल चालवणाऱ्याला लोकांची दुखणी डॉक्टरांच्याही आधी कळतात. दारूबद्दल गावात उघड बोललं जातं, गोळ्यांच्या आणि गर्दच्या (हेरॉइनच्या) नशेबद्दल मात्र सगळे गप्प असतात. काउंटरमागे उभं राहून या नशेबद्दल आणि तिच्या औषधाबद्दल जे शिकलो, ते लिहितो.

१. सुरुवात बहुतेक वेळा दुखण्यापासून होते.
आषाढी वारीत तुकोबांची पालखी गावात येते, मेंढ्यांचं रिंगण होतं. पाय सुजलेले वारकरी गोळी घेतात आणि सणसरची वाट धरतात. त्यांना पुन्हा गोळीची आठवणही होत नाही. गाळप हंगामातलं दुखणं वेगळं. भवानीनगरच्या कारखान्याकडे ऊस चालू झाला की तोडणारे पहाटे फडात असतात, ड्रायव्हर रात्र रात्र गव्हाणीच्या रांगेत. कंबर रोज मोडते, विश्रांती कधीच नसते. अशा वेळी कुणीतरी ट्रमाडॉलची स्ट्रिप हातात ठेवतं. दुखणं थांबतं, शिवाय अंगात हुशारी येते. हंगाम संपतो, गोळी सुटत नाही. ट्रमाडॉल वाईट औषध नव्हे. चिठ्ठीवर, थोड्या दिवसांसाठी ते उपयोगीच आहे. पण ते अफूच्याच घराण्यातलं आहे, हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

२. रजिस्टर गोळी अडवतं, माणसाला बरं करत नाही.
मार्च २०१४ पासून एच-वन यादीतल्या औषधांसाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. २०१८ मध्ये ट्रमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. दोन्ही नियम मला मनापासून पटतात आणि मी ते पाळतो. चिठ्ठीशिवाय आलेल्याला "नाही" म्हणतो. पण तो माणूस नाही ऐकून बरा होत नाही. तो दुसरीकडे जातो, तिथेही मिळालं नाही तर गर्दकडे वळतो. नकारासोबत पुढचा रस्ता दाखवता आला नाही, तर माझं काम अर्धंच झालं.

३. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, एकदा जवळून पाहिली की शिव्या द्याव्याशा वाटत नाहीत.
भर मे महिन्यात एक ट्रॅक्टर ड्रायव्हर दुकानात आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्याच्या दंडावर काटा उभा होता. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभईवर जांभई, एक पाय सारखा जमिनीवर घासत होता. बाहीनं तोंड पुसत म्हणाला, "दादा, मजा नको मला. नुसतं अंग सरळ करा. गाडी घेऊन जायचंय." त्याची बायको दाराशी उभी होती. "रात्रभर हातपाय ओढतात हो यांचे, जुलाब थांबत नाहीत," म्हणाली. इच्छाशक्ती कमी म्हणून माणूस गोळी मागतो असं समजणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. मेंदूला रोजच्या अफूची सवय झालेली असते. ती अचानक तोडली की सगळं शरीर बंड करतं.

४. यावर औषध आहे आणि ते चांगलं आहे.
त्याचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळायला काही मिनिटं लागतात. मेंदूतल्या ज्या जागी गर्द किंवा ट्रमाडॉल बसतं तिथेच ही गोळी घट्ट बसते, पण अर्धाच परिणाम करते. त्यामुळे टर्की थांबते, तलफ कमी होते, एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही नशा वाढत नाही. सोबत अनेकदा नॅलोक्सोन घातलेलं असतं, म्हणजे कुणी विरघळवून सुई मारायला गेला तर नशेऐवजी त्रास होतो. पहिली गोळी मात्र अंगातली नशा उतरून त्रास सुरू झाल्यावरच द्यायची. घाई केली तर टर्की उलट भडकते. म्हणून सुरुवात डॉक्टरच्या हातूनच हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. "एक नशा सोडून दुसरी लावली" असं म्हणणारे मला रोज भेटतात. मधुमेहाचा रोगी इन्सुलिन घेतो तेव्हा आपण असं म्हणत नाही.

५. अंतर हाच खरा अडसर.
महाराष्ट्रानं या दुखण्याकडे लवकर डोळे उघडून पाहिलं. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकारानं पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. किती घरं त्यांनी सावरली! पण काटेवाडीहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रांना आणि ठराविक दवाखान्यांनाच पुरवली जाते; गावच्या मेडिकलमध्ये ती येत नाही. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) केंद्रं २००७-०८ पासून ब्युप्रेनॉर्फिन देतात, पण तिथे मुळात रोज जाऊन समोर घ्यायची पद्धत. रोजंदारीवरच्या माणसानं रोजचा खाडा करून एवढं अंतर कापावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत नॅकोनं काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला परवानगी दिली. पंजाबनं तर २०१७ पासून जिल्ह्याजिल्ह्यात बाह्यरुग्ण केंद्रं उघडली.

६. दुकानातून दिलं तर माणूस उपचारात राहतो.
फ्रान्सनं १९९६ मध्ये साध्या डॉक्टरांना हे औषध लिहायची आणि साध्या फार्मसीतून द्यायची मोकळीक दिली. पुढच्या काही वर्षांत तिथे अतिमात्रेनं होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. काही गोळ्या चोरट्या बाजारातही गेल्या, ती बाजू लपवायचं कारण नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये झालेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध बसलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला फार्मसीतच पुढचे उपचार, दुसऱ्याला नेहमीच्या दवाखान्यात. महिन्यानंतर फार्मसीतले ८९ टक्के उपचारात होते, दवाखान्यातले १७ टक्के. अभ्यास छोटा होता, पण फरक केवढा!

७. आपल्याला ही पद्धत नवी नाही.
क्षयरोगाच्या डॉट्समध्ये गोळी समोर उभं राहून गिळायला लावत, कुठे आशाताईंसमोर, कुठे अंगणवाडीत, कुठे दुकानात. मग ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या मनोविकारतज्ज्ञांनी सुरू करावी आणि गावच्या फार्मासिस्टनं समोर जिभेखाली ठेवायला लावून पुढे चालू ठेवावी, यात अशक्य काय आहे? रजिस्टर आहेच. औषध निरीक्षकांनी कधीही येऊन तपासावं. रविवारची गोळी मोजून घरी द्यावी, गैरवापर दिसला तर थेट डॉक्टरला कळवावं. त्यासाठी नियम बदलावे लागतील आणि फार्मासिस्टला शिकवावं लागेल. काउंटरवर रात्री कुणीही बसतं अशा दुकानांना हे काम मुळीच देऊ नये, हे आमच्याच लोकांना वाईट वाटलं तरी म्हणेन.

८. एक धोका घरच्यांना सांगायलाच हवा.
महिनाभर नशा सोडून राहिलेल्या माणसाचं शरीर जुना डोस विसरलेलं असतं. तो पुन्हा आधीएवढंच घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून नुसतं "घरात कोंडून ठेवू" हा उपाय जिवावर बेततो. नाल्ट्रेक्सोन नावाची, पुन्हा नशा चढू न देणारी गोळी चिठ्ठीवर दुकानात मिळते, पण तीही नशा पूर्ण उतरून आठ-दहा दिवस झाल्यावरच सुरू करता येते. कुणाच्या सांगण्यावरून ती आधी देऊ नका.

तो ड्रायव्हर आणि त्याची बायको गेल्यावर मी काउंटरच्या काचेवर १४४४६ हा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, फोन फुकट. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६. माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना विनंती आहे, तुमच्याही काचेवर हे दोन नंबर आजच लावा. आणि गोळी मागणारा आला तर नाही म्हणा, पण त्याला रिकाम्या हाती पाठवू नका. नंबर लिहून द्या, बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयात कधी जायचं ते सांगा.