इंजिन साफ करणारे ऑइल आणि फिल्टरची निवड

डोंगरकडा परिसरात ऊस, हळद व केळीच्या कामांत ट्रॅक्टरला उसंत नसते. डिटर्जंटयुक्त ऑइलमुळे जुन्या इंजिनात साचलेला गाळ सुटतो व फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर तुंबल्यास बायपास झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगपर्यंत जाते. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) ऑइलसोबत फिल्टरही बदलावा.

२) फिल्टर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. केवळ आटे जुळतात म्हणून दुसरा बसवू नये. झडपेचा दाब वेगळा असू शकतो.

३) गाळ साचलेल्या इंजिनात पहिल्या वेळी ऑइल व फिल्टर निम्म्या तासांनीच बदलावे.

४) आट्यांच्या फिल्टरच्या रबरी वॉशरला ऑइल लावून तो हातानेच आवळावा.

ऑइल काळे दिसले म्हणजे खराब झालेच असे नव्हे. काजळी त्यात तरंगत राहते. रंगावर न जाता तासांची नोंद ठेवावी.