बाळंतपण कोठे? सातव्या महिन्यातच ठरवा

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी येते. पाळणा, दुपटी, डिंकाचे लाडू अशी सगळी तयारी होते. मात्र बाळंतपण कोठे करायचे आणि अडचण आली तर कोठे न्यायचे, याचा विचार अनेक घरांत कळा सुरू झाल्यावरच होतो. त्या वेळी निवड करायला सवड नसते.

पूर्वी सुईण घरीच बाळंतपण करी. तिचा अनुभव आणि तिने दिलेला धीर मोलाचा होता. परंतु अतिरक्तस्राव झाला तर तिच्याजवळ इलाज नव्हता. धडधाकट बाईसुद्धा अशा रक्तस्रावाने काही तासांत दगावू शकते. बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिल्यास हा धोका बराच कमी होतो. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे. कोणत्या दवाखान्यात, हे मात्र प्रकृती पाहून ठरवावे.

तपासण्या नियमित झाल्या असतील आणि कोणताही दोष आढळला नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिकेच्या हातून बाळंतपण सुखरूप होऊ शकते. पण आधीचे सिझेरियन, जुळे, आडवे किंवा पायाळू बाळ, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तीव्र रक्तक्षय किंवा वार खाली असणे, यांपैकी काही असल्यास जेथे रात्रंदिवस शस्त्रक्रिया होते आणि रक्त मिळते असेच रुग्णालय निवडावे.

दवाखाना ठरवण्यापूर्वी हे प्रश्न अवश्य विचारा :

१) रात्री डॉक्टर हजर असतात का?
२) सिझेरियनची व भूलतज्ज्ञाची सोय आहे का? नसल्यास कोठे पाठवतात?
३) रक्त लागल्यास कोठून आणतात?
४) कळा येत असताना चालू-फिरू देतात का? घरची एक व्यक्ती जवळ थांबू शकते का? (जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली या दोन्हींची शिफारस केली आहे.)
५) साध्या बाळंतपणाचा व सिझेरियनचा खर्च किती?

सिझेरियनबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात खासगी दवाखान्यांतील शंभरापैकी सुमारे ४७, तर सरकारी दवाखान्यांतील सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनने झाली. म्हणून सिझेरियन सुचवल्यास कारण जरूर विचारावे. मात्र बाळ गुदमरत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर होकार द्यायला वेळ लावू नये. मुहूर्त साधण्यासाठी सिझेरियन करून घेणे तर सर्वथा अयोग्य होय.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी थांबू नये. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. त्यासाठी १०२ किंवा १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे व रक्ताचे अहवाल बरोबर न्यावेत आणि तेथील आशाताईंकडे लगेच नोंद करावी. अंगावर रक्त जाणे, कळांआधीच पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शेवटी एक गोष्ट. बाळंतपणाच्या चर्चेत आई बोलते, सासूबाई बोलतात, जावईबापूही बोलतात. जिचे बाळंतपण आहे तिला मात्र कोणी विचारत नाही. वरील प्रश्नांचा कागद तिच्या हाती द्या, तपासणीला जाताना तिलाच डॉक्टरांशी बोलू द्या, आणि निर्णय तिच्या संमतीनेच घ्या.